उतारू की पाहुणा?



गेले चार दिवस या मंडपात आपण भारदस्त विषय ऐकत आहात. काल संतवाङ्मयावर व्याख्यान झाले, उद्या राज्यघटनेवर आहे, आणि मधल्या दिवशी मी सहलीच्या बोटीची हकिगत घेऊन उभा आहे. "विषय जरा हलका तर होणार नाही ना?" असे चिटणीसांनी मला विचारले. मी म्हटले, "आजकालची मोठी बोट अडीच लाख टनांची असते. याहून जड विषय तुम्हांला मिळायचा नाही." आता बोटींच्या हिशेबातला हा टन वजनाचा नसतो, आतल्या जागेचा असतो, हे मी त्यांना सांगितले नाही. आपल्याला सांगतो, कारण मला आज जे बोलायचे आहे ते याच जातीचे आहे. शब्द एक असतो, आपण त्याचा अर्थ दुसराच धरतो, आणि मग भर समुद्रात भांडत बसतो.

हकिगत अशी. माझी कन्या आणि जावई अमेरिकेत असतात. आमच्या लग्नाला चाळीस वर्षे झाली म्हणून त्यांनी आम्हां उभयतांना सात दिवसांच्या समुद्रसफरीवर नेले. फ्लॉरिडातून निघायचे, कॅरिबियन समुद्रातली तीन बेटे पाहायची, आणि निघालो तिथेच परत यायचे. कंपनीचे नाव मी सांगत नाही. मला कुणा एकीची निंदा करायची नाही.

या बोटी केवढ्या असतात, याची कल्पना आधी यायला हवी. २०२४ च्या जानेवारीत मायामी बंदरातून 'आयकॉन ऑफ द सीज' ही बोट पहिल्या सफरीस निघाली. फिनलंडमधल्या तुर्कू गावी ती बांधली गेली. लांबी ३६५ मीटर, मजले वीस, सगळ्या खाटा भरल्या तर उतारू ७,६०० आणि नोकरवर्ग सुमारे २,३५०. म्हणजे जवळजवळ दहा हजार वस्तीचे गावच ते. १९१२ साली बुडालेली टायटॅनिक ४६ हजार टनांची होती. ही २ लाख ४८ हजार टनांची आहे. आमची बोट हिच्यापेक्षा पुष्कळ लहान होती. तरीसुद्धा चार हजारांच्या आसपास उतारू तिच्यावर होते.

कंपनीच्या जाहिरातीत एक जोडपे कठड्याला टेकून सूर्यास्त पाहत उभे असते. त्या चित्रात तिसरे माणूस नसते. प्रत्यक्षात बोटीवर पाय ठेवण्यापूर्वीच आम्ही तीन रांगांत उभे राहिलो. पुढे जेवणाला रांग, उद्वाहनाला रांग, नाटकगृहाच्या दाराशी रांग. पोहण्याच्या तलावाकाठी आरामखुर्च्या होत्या. पण सकाळी सहा वाजता गेलो तर प्रत्येक खुर्चीवर पंचा पडलेला आणि माणूस एकही नाही! एस. टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची कला केवळ महाराष्ट्राची आहे, असा माझा समज होता. तो तिथे दूर झाला.

आमची खोली बोटीच्या पोटात होती. खिडकी नाही. दिवा मालवला की दिवस की रात्र तेही कळेना. चहूबाजूंनी समुद्र, पण तो पाहायचा तर चार जिने चढायचे. "सगळे तिकिटात आले," असे आम्हांला सांगितले होते. साधे जेवण आले होते, हे खरे. परंतु बाटलीतले पाणी, चांगली कॉफी, इंटरनेट, काही खास भोजनगृहे, यांचे पैसे निराळे. रोख पैसा कुठेच द्यायचा नाही. गळ्यातले कार्ड दाखवायचे आणि शेवटच्या रात्री हिशेब पाहायचा. पैसा हातातून जाताना दिसला नाही, म्हणजे तो गेला असे वाटत नाही, ही मनुष्यस्वभावाची खोड त्या लोकांनी नीट ओळखली आहे. शिवाय माणशी रोज काही डॉलर 'बक्षिशी' म्हणून खात्यावर आपोआप पडत होते. अमेरिकन कंपन्यांत ही रक्कम साधारण पंधरा ते वीस डॉलरच्या घरात असते. बक्षिशी ही खुशीने द्यायची वस्तू. ती आपोआप कशी पडते, हे कोडे मला सुटेना.

तिसऱ्या दिवसापर्यंत मी पक्का तक्रारखोर झालो होतो. आणि मग मला माझेच आश्चर्य वाटू लागले.

आश्चर्य अशासाठी की मी लहानपणी कोकणच्या बोटीने प्रवास केलेला माणूस आहे. आपल्यांतल्या वडीलधाऱ्यांना ती बोट आठवत असेल. भाऊच्या धक्क्यावर सकाळी रेटारेटी करून चढायचे, डेकवर सतरंजी अंथरून तेवढी जागा आपली म्हणायची, एका बाजूला कुणाची ट्रंक आणि दुसऱ्या बाजूला कोंबड्यांचा झाप. अर्ध्या लोकांना बोट लागलेली असायची. आमच्या बंदरात बोट किनाऱ्याला लागत नसे. ती दूर उभी राहायची आणि पडाव यायचा. समुद्र खवळलेला असला तर हलत्या बोटीतून हलत्या पडावात उतरणे म्हणजे जिवावरचा प्रसंग. एवढे हाल सोसूनही माझ्या आईने कधी तक्रार केल्याचे मला आठवत नाही. उतरल्यावर ती एवढेच म्हणायची, "चला, पोचलो."

त्या 'पोचलो' या शब्दात सगळे आहे. मराठीत आपण बोटीच्या प्रवाशाला 'उतारू' म्हणतो. उतारू म्हणजे ज्याला कुठेतरी उतरायचे आहे तो. बोट त्याच्या दृष्टीने साधन असते. रस्त्यात चार हाल झाले तर ते रस्त्याच्या खात्यात जमा होतात; घरी पोचल्यावर ते खाते बंद होते. परंतु सहलीच्या बोटीवर कुणाला कुठेच जायचे नसते. तिथे प्रवास हेच गाव, आणि प्रवास हाच विकत घेतलेला माल. मग आरामखुर्ची न मिळणे ही रस्त्यातली अडचण राहत नाही, ती मालातली खोट ठरते. ज्याने तोच माल घेतला आहे, त्याला प्रत्येक खोट टोचते.

हा माल बाजारात आला कसा, हे पाहण्यासारखे आहे. हॅम्बुर्गच्या अल्बर्ट बालिन या कंपनीचालकापुढे एक अडचण होती. हिवाळ्यात अटलांटिक ओलांडणारे उतारू कमी होत आणि मोठ्या बोटी रिकाम्या पडून राहत. म्हणून १८९१ च्या जानेवारीत त्याने 'आउगुस्टा व्हिक्टोरिया' ही बोट भूमध्य समुद्रात केवळ सहलीसाठी नेली. म्हणजे सहलीची बोट जन्माला आली ती रिकाम्या खाटा भरण्यासाठी. पुढे १९५८ मध्ये जेट विमाने अटलांटिक ओलांडू लागली आणि ज्याला खरोखर पोचायचे होते तो माणूस विमानात जाऊन बसला. बोटींजवळ उरला न पोचणारा माणूस. १९६० नंतरच्या दशकात आणि त्यापुढे फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर या धंद्याने मूळ धरले. तिकीट स्वस्त ठेवायचे, माणसे अधिक न्यायची, आणि नफा बोटीवरच्या विक्रीतून काढायचा, हे त्याचे अर्थशास्त्र. मघाशी सांगितलेली पाण्याची बाटली आणि लांबच लांब रांग ही दोन्ही याच अर्थशास्त्राची लेकरे आहेत. स्वस्त तिकीट आम्हीच मागितले होते. त्याची बाकी किंमत आम्ही रांगेत उभे राहून चुकती करत होतो.

इथपर्यंत आपण म्हणाल, हे सुखवस्तू माणसांचे रडगाणे झाले. खरे आहे. पण चौथ्या दिवशी जे घडले त्यासाठी मी आज उभा आहे.

चौथ्या दिवशी आम्ही दुसऱ्या बेटावर उतरायचे होते. तिथे मोठ्या बोटीला धक्का नाही. लहान होड्यांतून किनाऱ्यावर न्यावे लागते. म्हणजे आमचा कोकणातला पडावच तो! सकाळपासून वारा सुटला होता. नऊच्या सुमारास कप्तानाने ध्वनिक्षेपकावरून सांगितले की होड्या सोडणे धोक्याचे आहे, सबब हे बेट रद्द. दुपारच्या आत बोट पुढे निघाली. बेटाचा किनारा समोर दिसत होता, आणि चार हजार माणसे रुसलेल्या मुलांसारखी त्याच्याकडे पाहत होती.

चौकशीच्या फळीसमोर लांब रांग लागली. मीही उभा राहिलो. भरपाई काय, असे विचारता उत्तर मिळाले की बंदराचा कर तेवढा परत होईल. ही रक्कम इतकी किरकोळ होती की लोक अधिकच भडकले. तेवढ्यात माझ्या पुढच्या गृहस्थांनी एक युक्ती काढली. आपोआप पडणारी बक्षिशी सांगून काढून टाकता येते, असे त्यांना माहीत होते. "बेट नाही तर बक्षिशी नाही!" असे ते मोठ्याने म्हणाले. ती गोष्ट वणव्यासारखी रांगेत पसरली, आणि जो तो तेच मागू लागला. खोटे कशाला बोलू? मलाही ते पटले. हिच्याशी मी मराठीतच म्हणालो, "आपणही काढून घेऊ. धडा शिकेल कंपनी." ही म्हणाली, "बघा बाई, तुम्हीच काय ते."

फळीमागचा तरुण हसला आणि मराठीत म्हणाला, "काका, सांगाल तर लगेच काढतो. पण बेट सोडलं कप्तानानं, आणि हे पैसे जातात तुमची खोली झाडणाऱ्याला आणि ताट उचलणाऱ्याला. कंपनीला यातून काही कळत नाही."

मुलगा वेंगुर्ल्याकडचा होता. नऊ महिन्यांच्या करारावर आलेला. आठवड्याची सुटी असा प्रकार नाही, हे त्याच्याकडून समजले. मी गप्पच बसलो. रांगेतून बाहेर पडताना मान वर करवेना.

भगिनींनो आणि बंधूंनो, हे आपल्याला परके नाही. गोव्याचे तारवटी पिढ्यान्‌पिढ्या बोटींवर नोकरी करीत आले. मुंबईत धोबी तलावाच्या आसपास त्यांच्या गावागावांच्या कुडी होत्या, तिथे ते पुढच्या बोटीची वाट पाहत राहत. आज सहलीच्या बोटींवर स्वयंपाकघरात, खोल्यांवर, फळीमागे गोवा-कोकणातली मुले दिसतात. नाविक कामगारांसाठी २००६ साली एक आंतरराष्ट्रीय करार झाला आणि तो २०१३ पासून अमलात आहे. त्यातल्या एका मोजमापाप्रमाणे कामगाराला आठवड्यात निदान ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे. आठवड्याचे तास १६८. वजाबाकी आपणच करा. ९१ तास काम हे त्या मापात बसते! आणि बोटीवरच्या पुष्कळ नोकरांच्या कमाईत पगारापेक्षा बक्षिशीचा भाग मोठा असतो. आपोआप पडणारी ती रक्कम म्हणजे नावाने बक्षिशी आणि कामाने मजुरी. शब्द एक, अर्थ दुसरा.

मग बेट चुकले त्याचा जाब विचारायचा कुणाला? त्यासाठी मी परत आल्यावर तिकिटाबरोबरचा करार काढून वाचला. आधी वाचायला हवा होता. कुणीच वाचत नाही. त्यात स्वच्छ लिहिले होते की हवामान किंवा सुरक्षितता यांसाठी कप्तान कोणतेही बंदर वगळू शकतो आणि त्याबद्दल उतारूचा दावा चालणार नाही. इजा झाली तर सहा महिन्यांत कंपनीला कळवायचे, एका वर्षात फिर्याद करायची, आणि तीही कंपनी सांगेल त्या गावच्या न्यायालयात.

या शेवटच्या कलमाचा एक खटला प्रसिद्ध आहे. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या वॉशिंग्टन राज्यातले एक जोडपे सहलीच्या बोटीने मेक्सिकोकडे निघाले होते. बोटीचे स्वयंपाकघर दाखवीत असता बाई घसरून पडल्या आणि त्यांना इजा झाली. त्यांनी आपल्या राज्यात दावा लावला. कंपनी म्हणाली, तिकिटावर छापले आहे, दावा फ्लॉरिडात लावा. म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाला! १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने कंपनीचे म्हणणे मान्य केले. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी विरोधी मत नोंदवले आणि त्या तिकिटावरच्या बारीक मजकुराची प्रतच निकालपत्राला जोडली, हेतू हा की वाचणाऱ्याने स्वतःच पाहावे, असला मजकूर कोण वाचतो! शिवाय बोट ज्या देशाचे निशाण लावते त्या देशात ती नोंदलेली असते. फ्लॉरिडातून फ्लॉरिडात येणारी बोट बहामा किंवा पनामा यांचे निशाण लावून फिरते. आपण बोटीवर पाय ठेवतो तो गोड शब्दांत 'पाहुणा' म्हणून. ते लोक उतारूला पाहुणाच म्हणतात. परंतु कागदावर आपण उतारूच असतो. पाहुण्याला हक्क नसतात, कारण त्याला लागत नाहीत. उतारूला हक्क लागतात, आणि ते बारीक अक्षरांत असतात.

म्हणून तक्रारींची दोन गाठोडी वेगळी बांधली पाहिजेत. खुर्ची, रांग, कॉफी, हुकलेले बेट हे एक गाठोडे. दुसरे गाठोडे जिवाचे आहे, आणि ते उघडायला आपण सहसा विसरतो.

१० फेब्रुवारी २०१३ रोजी मेक्सिकोच्या आखातात 'कार्निव्हल ट्रायम्फ' या बोटीच्या इंजिनघरात आग लागली. जीवितहानी झाली नाही, पण बोटीतली शक्तीच गेली. चार हजारांहून अधिक माणसे चार दिवस समुद्रात तरंगत राहिली. शौचकूप बंद पडले, घाण बाहेर आली, लोक उघड्या डेकवर झोपले. १४ तारखेच्या रात्री ती बोट ओढून अलाबामातल्या मोबील बंदरात आणली. ही तक्रार रडगाणे नव्हती. ती ठिकाणावर पोचली, म्हणून तिला फळही आले. त्याच वर्षी मे महिन्यात या धंद्यातल्या कंपन्यांच्या संघाने उतारूंच्या हक्कांची यादी जाहीर केली. धक्क्याला लागलेल्या बोटीवर अन्नपाणी, शौचकूप, औषधोपचार मिळत नसतील तर उतरण्याचा हक्क. यंत्राच्या बिघाडामुळे सफर रद्द झाली तर पूर्ण पैसे. वीज गेली तर पर्यायी विजेची सोय. वाऱ्याने बेट हुकले तर पैसे नाहीत, यंत्राच्या दोषाने सफर रद्द झाली तर आहेत. हा भेद मला न्याय्य वाटतो. वाऱ्याचा मालक कुणी नाही, यंत्राचा आहे.

आणखी एक गोष्ट. आमच्या बोटीवर पहिल्याच दुपारी संकटकाळच्या सरावाला बोलावले, तेव्हा जेवढी कुरकुर ऐकली तेवढी बेट हुकल्यावरही ऐकली नसेन. "सुटीच्या दिवशी ही कसली कवाईत!" मीही कुरकुरलो. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' ही बोट इटलीतल्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळली. ३२ माणसे गेली. त्या दिवशी चढलेल्या उतारूंचा सराव तेव्हा झालेलाच नव्हता, कारण तो चोवीस तासांत केव्हाही घेतला तरी चालत असे. त्यानंतर नियम बदलला. २०१५ पासून बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी सराव घेतलाच पाहिजे, असे ठरले. ज्या अर्ध्या तासाला आपण कंटाळतो, त्याची किंमत कुणीतरी आधीच चुकवलेली असते. आणि हे आपल्याला कुणी इटलीहून सांगायला नको. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वाटेत बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. ज्या घरांनी ती अमावास्या पाहिली त्यांना सरावाचे महत्त्व पटवून द्यावे लागणार नाही.

२०२० च्या फेब्रुवारीत 'डायमंड प्रिन्सेस' ही बोट साथीमुळे जपानात योकोहामा बंदरात अडकली. ३,७०० च्या वर माणसे बोटीवर होती. ७०० हून अधिकांना रोग जडला. उतारूंना खोल्यांत कोंडून ठेवले होते. पण त्यांच्या दाराशी जेवण कुणी नेले? नोकरवर्गाने. ते कोंडून घेऊ शकत नव्हते. त्यांत सव्वाशेहून अधिक भारतीय होते. संकट आले म्हणजे बोटीवर पाहुणा कुणी राहत नाही. सगळेच उतारू होतात, आणि काहींना उतरण्याची पाळी शेवटी येते.

घरी आल्यावर मी कंपनीला पत्र लिहिले. बेटाचे पैसे मागितले नाहीत. दोनच गोष्टी विचारल्या. सोसाट्याच्या वाऱ्यात त्या बेटावर उतरता येत नाही, हे आपल्याला माहीत असता तिकीट विकतानाच ठळक अक्षरांत का सांगत नाही? आणि जी मजुरी आहे तिला बक्षिशी का म्हणता? सहा आठवड्यांनी उत्तर आले. पुढच्या सफरीत मला सवलत दिली होती. म्हणजे दुखण्यावर औषध म्हणून तेच दुखणे, जरा स्वस्तात! माझ्या प्रश्नांना उत्तर नव्हते. तरीही पत्र लिहिले याचे मला समाधान आहे, कारण ते योग्य पत्त्यावर गेले होते.

आपल्यांपैकी कित्येकांची मुले परदेशी आहेत. आज ना उद्या आपल्यालाही असे आमंत्रण येईल. जरूर जा. समुद्र पाहण्यासारखाच आहे. मात्र जाण्यापूर्वी करार वाचा; वाचवत नसेल तर मुलांकडून वाचून घ्या. सरावाला सर्वांच्या आधी जाऊन उभे राहा. खुर्ची मिळाली नाही तर कठड्याशी उभे राहा, समुद्र तिथूनही दिसतो. राग आलाच तर तो कुणावर आहे हे आधी ठरवा. जो समोर उभा आहे त्याच्यावर तो काढणे सर्वांत सोपे असते, म्हणूनच ते बहुतेक वेळा चुकीचे असते. आणि ही गोष्ट बोटीपुरती नाही. बँकेची खिडकी, इस्पितळाचे टेबल, एस. टी.चा वाहक, सगळीकडे आपण निर्णय घेणाऱ्याचा राग निरोप सांगणाऱ्यावर काढतो.

शेवटच्या सकाळी बोट फ्लॉरिडाच्या धक्क्याला लागली. उतरताना पुन्हा रांग होती. फळीवरचा तो मुलगा दिसला. दुपारी नवे चार हजार लोक यायचे होते, त्याची तयारी चालली होती. ही त्याला म्हणाली, "घरी कधी जाणार रे?" तो म्हणाला, "गणपतीला नाही जमायचं काकू. शिमग्याला बघू." त्या बोटीवर खरोखर कुठेतरी पोचायचे होते असा माणूस मला तोच एक भेटला.